न मोडलेल्या फांद्या

कुताइसीचं बसस्थानक, तिकीट खिडकी क्रमांक तीन.
आत नाझिको,
गुडघ्यांवर लोकरी शाल, पायाशी विजेची शेगडी
आणि गल्ल्याखालच्या खणात एक निळी वही.

वहीत ती खुणा टिपून ठेवते.

चौदा मार्च : झेस्ताफोनीचं तिकीट फाडलं, शेवटचे आकडे अडुसष्ट.
त्सिउरीचा जन्म अडुसष्टचा.
दोन एप्रिल : सफरचंदवालीनं हाक मारली, "त्सिउरी!"
काळजात लक्कन हललं.
तिची नात होती, नाक वाहत होतं.
नऊ मे : पहाटे स्वप्नात आईचं अक्रोडाचं झाड.
दुपारी एका गिऱ्हाइकानं, सुट्टे नाहीत म्हणून,
खिडकीतून मूठभर अक्रोड सरकवले.

त्सिउरी, पाठची बहीण.
अकरा वर्षं इटलीत, बारी नावाच्या बंदरात
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ घालते, गोळ्या मोजून देते.
झाड कुणी कुणाला न विचारता विकलं,
यावरून दोघींचं बिनसलं.
करवत एक अख्खा दिवस चालली.
पैसे निम्मे निम्मे झाले.
बोलणं वाटून घ्यायला उरलंच नाही.

वरच्या मजल्यावरचा ओतिया, निवृत्त गणितमास्तर,
एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं हट्टी,
निळी वही वाचून म्हणाला :
दिवसाला सहाशे तिकिटं फाडतेस बाई,
सहा वेळा तरी अडुसष्ट यायलाच हवेत.
महिनाभर एकदाही आले नाहीत तर मला सांग,
मी स्वतः जाऊन मेणबत्ती लावीन.

कावळा बसला नि फांदी मोडली
तेवढंच तू लिहितेस.
जे बसले, पिसं साफ केली, उडून गेले
ते कुणी मोजायचे?

आणि त्यानं तिला दुसरी वही दिली,
चौकटींची, शाळेतून आणलेली, परत न केलेली.

सोमवार : केस विंचरताना तिची आठवण. काही घडलं नाही.
सोमवार : चहा ओतताना. नाही.
सोमवार : त्स्कालतुबोची गाडी सुटताना, का कोण जाणे. नाही.
मंगळवार : पोस्टमन. विजेचं बिल.
बुधवार : फोन वाजला! कुणाला तरी पावाची भट्टी हवी होती.
गुरुवार : तिच्यासारखीच चाल, पिवळा स्कार्फ.
वळली. ती नव्हती.
शुक्रवार : मीठ जास्त पडलं.
शुक्रवार : मीठ.
पुढे पुढे नुसतीच तारीख आणि एक आडवी रेघ.

सप्टेंबरात चौकटी संपल्या.
ओतियानं चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत,
ओठ हलवत बेरीज केली.
निळीत, तीन वर्षांत, एकोणीस.
हिच्यात, सहा महिन्यांत, बाराशे सात.

म्हणजे काय? नाझिकोनं विचारलं.

म्हणजे, तो म्हणाला,
आणि फळ्यासमोर कधी थांबला नसेल इतका थांबला.
एकोणीसचं काही नाही. ते व्हायचेच.
मग त्यानं चौकटींची वही मिटली,
दोन्ही हातांनी,
गरम भांडं ठेवावं तशी तिच्यापुढे ठेवली
आणि टोपी विसरून वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पाटी :
पाच मिनिटांत येते.
शेगडीजवळ वाकून तिनं आकडे दाबले,
कुठलाच आकडा कशाशी जुळतो का ते न बघता.
तिकडे दोन तास मागे, सकाळचे नऊ.
रिंग. रिंग. भांड्याचा आवाज. कुणाचं तरी खोकणं.

"अगं, आत्ता," त्सिउरी म्हणाली,
आवाज जाडा झालेला, पण तीच,
"अगदी आत्ता तुझाच विचार करत होते!"

आणि याआधी किती वेळा,
हे नाझिकोनं विचारलं नाही.
खणात दोन वह्या होत्या.
बाहेर झेस्ताफोनीची रांग लागली होती,
कुणीतरी नाण्यानं काच वाजवत होतं.